चार अंश पूर्वेकडे

४ जानेवारी

अखेर त्यांना माझी आठवण झाली. बंदराच्या कचेरीतून एक बाई आल्या होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, खांद्याला भलीमोठी पिशवी, बोलणं भरभर. जुन्या होडीघरात संग्रहालय करताहेत म्हणे. होकायंत्रांच्या दुरुस्तीचं जुनं सामान गोदामात पेट्यांमध्ये पडून आहे आणि त्यातलं काय कशाचं, हे आता कचेरीत कुणालाच सांगता येत नाही. "काका, तुम्हीच एक उरलात," म्हणाल्या. 'काका' मला आवडलं नाही, पण वाक्याचा उरलेला भाग बरोबर होता.

त्यांना सगळं समजावून सांगितलं. लाकडी जहाजावर होकायंत्राची सुई खरं बोलते. जहाज लोखंडाचं झालं की ते लोखंड सुईला आपल्याकडे ओढतं. मग एका दिशेला जाताना दोन अंशांची चूक, दुसऱ्या दिशेला सातांची. अशा वेळी माझ्यासारखा माणूस जहाजावर चढतो. होकायंत्राच्या खांबाला दोन्ही बाजूंना लोखंडी गोळे, खांबाच्या पोटात चुंबकांच्या कांड्या, पुढे एक उभा लोखंडी दांडा. हे सगळं मागेपुढे सरकवून जहाजाची ओढ मारून टाकायची. मारूनही जी चूक उरते तिचा तक्ता करायचा आणि खाली सही ठोकायची. त्या सहीच्या भरवशावर कप्तान धुक्यात जहाज हाकतो.

"म्हणजे एका चुकीला दुसरी चूक लावून बरोबर करायचं?" बाईंनी विचारलं. प्रश्न बालिश होता. पण अगदीच चुकीचा नव्हता.

ही चहा घेऊन आली आणि म्हणाली, "न्या हो तुम्ही यांना. घरातल्या सगळ्या खुर्च्यांच्या दिशा तपासून झाल्यात."

बराच वेळ उभं राहून बोलल्याने पोटाखाली ठणकायला लागलं. पट्टा एक भोक आवळून घेतला. मला अंतर्गळ आहे, डॉक्टरच्या भाषेत हर्निया, गेली एकोणीस वर्षं. हे हिला आणि डॉक्टरला सोडून कुणाला माहीत नाही. डॉक्टर दरवर्षी म्हणतो, ऑपरेशन करून टाका. मी दरवर्षी म्हणतो, पट्ट्याने भागतंय.

८ जानेवारी

होडीघर पूर्ण लाकडी आहे, खिळेसुद्धा तांब्याचे. होकायंत्राला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. दिवसभर पेट्या उघडल्या. पहिलीत डिफ्लेक्टर निघाला. आतून बनातीचं मऊ हिरवं कापड लावलेली शिसवी पेटी, तीत पितळी चौकट आणि स्क्रू फिरवला की जवळ-लांब होणारी चुंबकं. हे होकायंत्रावर ठेवायचं, सुईला मुद्दाम हुसकायचं आणि ती किती जोराने जागेवर परत यायला बघते ते मोजायचं. किनारा दिसत नसला तरी यावरून चूक काढता येते. दुसऱ्या पेटीत जहाज कलंडल्यावर सुई किती खाली ओढली जाते ते पाहायचं छोटं यंत्र होतं. तराजूच्या काट्यासारखी सुई आणि तिच्यावर सरकणारं नखाएवढं पितळी वजन. बाईंनी ते तळहातावर घेतलं आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. त्यांच्याबद्दलचं माझं मत सुधारलं.

आठव्या पेटीत एक अख्खा खांब निघाला, होकायंत्रासकट. पितळेवर हिरवा थर चढला होता, पण मी लांबूनच ओळखला. हा 'म्हातारी'चा.

"कोण म्हातारी?" बाई दचकल्या.

एका मालवाहू जहाजाला आम्ही बंदरातली माणसं म्हातारी म्हणायचो. एकोणीस वर्षांपूर्वी ते धुक्यात वाळूच्या उथळावर चढलं. माणूस कुणी दगावलं नाही, पण तळ फाटला आणि अर्धा माल समुद्रात गेला. कप्तान म्हणाला, होकायंत्र चुकलं. तक्त्यावर सही माझ्या धाकट्या भावाची होती. बंदरात हे काम करणारे आम्ही दोघंच, आणि त्यालाही मीच शिकवलेला. जहाज ओढून दुरुस्तीच्या धक्क्याला लावलं तेव्हा चौकशी समितीने मला विचारलं, भावाचं काम तपासाल का? मला नाही म्हणता आलं असतं. पण मी पडलो नाकासमोर चालणारा माणूस. तपासलं. चार अंश पूर्वेकडे चूक निघाली, तसं लिहून दिलं. धाकट्याचा परवाना गेला. मला पुढच्याच महिन्यात बढती मिळाली आणि उपकरणांच्या भांडाराचा प्रमुख म्हणून टेबलामागे बसवलं. त्यानंतर जहाजावर चढायची वेळच आली नाही. धाकटा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मी बोलायला केव्हाही तयार आहे. सुरुवात त्याने करावी.

"तुम्हाला खूप जड गेलं असेल," बाई म्हणाल्या.

"सुईला भाऊ नसतो," मी म्हणालो. वाक्य चांगलं जमलं. भिंतीवर लावण्यासारखं आहे. बाईंनी मात्र ते लिहून घेतलं नाही.

१३ जानेवारी

होडीघरात शिस्त लावली. दाराशी एक लाकडी तबक ठेवलं आहे. आत येणाऱ्याने अंगावरचं सगळं लोखंड त्यात काढून ठेवायचं. बाईंच्या केसांतल्या आकडे-पिना निघाल्या सतरा. सुताराच्या खिशातून जे निघालं त्यात एक छोटं दुकान मांडता आलं असतं. तो कुरकुरला. मी त्याला एका वल्हवाल्याची गोष्ट सांगितली. त्याच्या कमरेच्या सुरीमुळे होडी तीन तास उलटी गेली होती. गोष्ट मी तिथल्या तिथे रचली, पण तात्पर्य खरं आहे.

स्वतःलाही सूट दिली नाही. किल्ल्या, घड्याळ, पेन, चष्म्याचं घर, टाचेला नाल असलेले बूट, सगळं तबकात. अनवाणी उभा राहिलो. माझ्या अंगावर टाचणीएवढंही लोखंड उरलं नव्हतं.

वाकून वाकून काम केल्याने पट्ट्याची पोलादी पट्टी कमरेला काचते. तिला कापूस गुंडाळायला हवा. बाजारात मिळणारे पट्टे लेचेपेचे असतात म्हणून ही पट्टी मी भांडारातल्या उत्तम पोलादाची स्वतः घासून केली होती. एकोणीस वर्षांत तिचा ताण तसूभर ढळलेला नाही. अंघोळीला जाताना पट्टा माझ्या जुन्या चुंबकांच्या खणात ठेवतो. त्या खणात दुसरं कुणी हात घालत नाही.

२१ जानेवारी

आज खळबळजनक गोष्ट घडली.

म्हातारीचं होकायंत्र साफ करून झालं. खांबाचे गोळे काढले, पोटातली चुंबकं काढली, दांडा काढला. आता उरली नुसती सुई आणि तिच्याभोवती लाकडी होडीघर. चूक करायला तिला काही निमित्तच नाही. खिडकीतून दीपस्तंभ दिसतो. नकाशावर मोजला तर तो इथून बरोबर दोनशे अठरा अंशांवर. होकायंत्रावरच्या पितळी पट्टीच्या फटीतून नेम धरून मी खांबावर ओणवा झालो आणि आकडा वाचला. दोनशे चौदा!

चार अंश. बरोबर चार. याचा अर्थ उघड आहे: हे यंत्र मुळातच वाकडं होतं. जहाजावर बसवण्याआधी ते किनाऱ्यावर तपासायची जबाबदारी धाकट्याची होती आणि त्याने ती पार पाडली नाही. एकोणीस वर्षांनी यंत्राने स्वतः साक्ष दिली.

बाईंना बोलावून बघायला सांगितलं. त्यांनी नेम धरला. "दोनशे अठरा."

"नीट बघा."

"दोनशे अठराच दिसतंय, काका."

नवशिक्या माणसाला जो आकडा यायला हवा हे माहीत असतं, तोच दिसतो. मी त्यांना तसं समजावलं. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती.

२२ जानेवारी

ही डबा घेऊन आली होती. हातातल्या बांगड्या काढून ठेवायला लावल्या. "सोन्याच्या आहेत," ही म्हणाली. म्हटलं, शिस्त म्हणजे शिस्त. मग हिला नेम धरायला लावला. हिने काहीही माहीत नसताना सांगितलं, "दोनशे अठरा."

मी वाचला, दोनशे चौदा.

हिला विचारलं, नीट दिसतंय ना? तर म्हणते, "मला सुईत दोरा ओवता येतो अजून. तुम्हाला येतो का?" हिला विषयाचं गांभीर्य कळत नाही. एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो: दोघी बायका उंचीने कमी आहेत आणि खांबापासून लांब उभ्या राहून मान पुढे काढतात. मी खांबाला पोट टेकवून, भक्कम उभा राहून वाचतो. आमच्या धंद्यात उभं राहण्यालाच अर्धं महत्त्व.

२५ जानेवारी

भिंतीवरचा मजकूर लिहिला. 'सदर होकायंत्रात मूळचीच चार अंशांची चूक होती. ती वेळीच न ओळखल्यामुळे जहाज उथळावर चढले. पुढे झालेल्या निष्पक्ष तपासणीत ही चूक उघडकीस आली.' धाकट्याचं नाव घातलं नाही. माझंही घातलं नाही. 'निष्पक्ष' हा शब्द पुरेसा आहे.

बाई म्हणाल्या, "छापायच्या आधी थोडं थांबू या का?"

म्हटलं, कशासाठी?

"मला अजून दोनशे अठराच येतंय."

१ फेब्रुवारी

आज संताप संताप झाला. बाई मला न विचारता धाकट्याकडे जाऊन आल्या! बाजारपेठेच्या टोकाला त्याचं शिलाई मशिनच्या दुरुस्तीचं दुकान आहे. "दोन्ही बाजू ऐकायला नकोत का?" मला विचारतात. होकायंत्राला दोन बाजू नसतात, हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं.

तरीही विचारलं, काय म्हणाला?

"फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की तपासणाऱ्यांना विचारा, त्या दिवशी किती वेळा मोजलं."

याला म्हणतात कांगावा. प्रत्येक आकडा तीनदा घ्यायचा ही शिस्त माझी. त्याला ती मी शिकवली, कान पिळून शिकवली. बाईंच्या देखत लगेच तीनदा वाचून दाखवलं. दोनशे चौदा, दोनशे चौदा, दोनशे चौदा. "सांगा त्याला," म्हणालो. बाईंनी तिन्ही आकडे टिपून घेतले आणि समोर स्वतःचे तीन लिहिले. त्यांच्या चिकाटीचं कौतुक करावं की कीव करावी, कळत नाही.

६ फेब्रुवारी

सकाळी पट्ट्याचं चामडं तुटलं. मोची म्हणाला, उद्या देतो. ही म्हणाली, आज घरीच पडून राहा. पण वीस तारखेला उद्घाटन, घरी पडून कसं चालेल? पोटाला हाताने आधार देत हळूहळू गेलो. ही सोबत आली.

रोजच्यासारखा खांबाला टेकलो, नेम धरला. दोनशे अठरा.

पुन्हा. दोनशे अठरा. तिसऱ्यांदा, दोनशे अठरा. डोळे चोळले. चष्मा पुसला. सुताराला विचारलं, काल काही हलवलंस का? तो म्हणाला, तुमच्या भीतीने श्वासपण बाहेर जाऊन घेतो. बाईंवर ओरडलो की कुणीतरी यंत्राला हात लावलाय. त्या रडवेल्या झाल्या.

ही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे सगळं बघत होती. मला म्हणाली, "अहो, आज पट्टा नाही ना."

"त्याचा इथे काय संबंध?"

हिने माझ्या कमरेकडे बोट दाखवलं.

मी मोच्याकडे गेलो. शिवून होऊ दे न होऊ दे, पट्टा परत मागून घेतला. होडीघरात आणून होकायंत्रापासून हातभर अंतरावर धरला. वैरण दिसल्यावर गाय मान वळवते तशी सुई वळली.

घरी कसा आलो ते आठवत नाही.

७ फेब्रुवारी

दुपारी माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. चाळीस वर्षं रोज लिहितोय. माझ्याइतका लेखी पुरावा कुणाकडे नसेल.

चौकशीच्या वर्षीची वही, तोच महिना. तीन तारीख: 'नवा पट्टा आज लावला. पोलादी पट्टी स्वतः घासलेली. धक्क्याच्या चाळीस पायऱ्या चढलो, काही वाटलं नाही. मोठाच आराम.' नऊ तारीख: 'जहाजमालकांनी नव्या जहाजासाठी पुन्हा धाकट्यालाच बोलावलं. मला विचारलंसुद्धा नाही. त्याचा हात हलका आहे म्हणे.' बारा तारीख: 'म्हातारी तपासली. चार अंश पूर्वेकडे.'

बारा तारखेच्या त्या ओळीपुढे एकच आकडा आहे. पान उलटून पाहिलं, समास पाहिला, वहीच्या शेवटी चिकटवलेले कागद पाहिले. एकच. त्या आधीच्या आणि नंतरच्या प्रत्येक नोंदीत तीन-तीन आहेत.

पट्ट्याची गोष्ट मला सांगता येईल. तो अपघात आहे, कुणाच्याही बाबतीत घडला असता. पण त्या दिवशी मी दुसऱ्यांदा का मोजलं नाही?

धक्का स्पष्ट आठवतो. ऊन होतं. घाई काही नव्हती.

८ फेब्रुवारी

कुठेही गेलो नाही. हिने दोनदा विचारलं, काय होतंय? म्हटलं, पोट.

१० फेब्रुवारी

बंदर अधिकाऱ्याला भेटलो. माणूस तरुण आहे. त्याच्यासमोर उभं राहून सांगितलं की एकोणीस वर्षांपूर्वीची माझी तपासणी चुकीची होती, हे लेखी निवेदन घ्या आणि चौकशीच्या कागदांना जोडा.

त्याने कपाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ते कागद दहा वर्षांपूर्वीच रद्दीत गेले, काका."

"मग माझं निवेदन कशाला जोडणार?"

"तोच तर प्रश्न आहे." त्याने निवेदन परत माझ्या हातात दिलं. "कप्तान वारले. जहाज मोडीत निघालं. आता कुणाचं काही अडलंय का? तुम्ही आपले वीस तारखेला छान भाषण करा."

मी म्हणालो, एका माणसाचा परवाना गेला होता. तो म्हणाला, परवाने द्यायचंच बंद झालं आता.

इतकी वर्षं मला वाटायचं की माझी सही कचेरीत कुठेतरी जपून ठेवली असेल.

१२ फेब्रुवारी

धाकट्याच्या दुकानात गेलो.

एका मशिनच्या पोटातून तो चिमट्याने दोऱ्यांचा गुंता काढत होता. केस पार पिकलेत. मला पाहून हात थांबला नाही. मी स्टुलावर बसलो. त्याने बस म्हटलं नव्हतं.

कसं सांगायचं हे वाटेत घोकून ठेवलं होतं. पण पहिल्याच वाक्याला अडलो, कारण पट्ट्याशिवाय काहीच सांगता येत नाही आणि पट्टा अंतर्गळाशिवाय सांगता येत नाही. शेवटी सदरा वर करून पट्टाच दाखवला. चिमटा उचलून पट्टीजवळ धरला. तो खट्कन चिकटला.

धाकटा बघत राहिला. मग हसायला लागला. लहानपणी हसायचा तसाच, आवाज न करता, खांदे हलवत. डोळ्यांतून पाणी आलं. "पट्टा!" म्हणाला. "दादा, पट्टा?" एकोणीस वर्षांनी 'दादा' ऐकलं. मीही हसलो. आता सगळं मिटलं असं मला वाटलं.

"मला वाटायचं तू मुद्दाम केलंस," तो डोळे पुसत म्हणाला. "धंदा गेल्याचं दुःख नव्हतं. मला तर प्रत्येक बोटीवर मळमळायचं, तुला माहीत नाही. हे दुकान चांगलं चाललंय. पण तू मुद्दाम केलंस, हे डोक्यातून जात नव्हतं."

"नाही, नाही. पट्टा!"

"मग चार-पाच अंश असं काहीतरी खालीवर आलं असणार. तीनदा घेतलंस तेव्हा."

मी टेबलावरची बॉबिन उचलून परत खाली ठेवली.

"किती वेळा घेतलंस?"

"एकदा."

तो मशिनची सुई पुसू लागला. "का?"

बाहेर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं. तिचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत मी थांबलो. "कारण मला जे हवं होतं ते मिळालं होतं," मी म्हणालो.

हे वाक्य घोकलेलं नव्हतं.

धाकट्याने मान खाली घातली आणि मशिन पुन्हा पुढे ओढलं. "जा आता," म्हणाला. "गिऱ्हाइकाची वेळ आहे."

गिऱ्हाईक कुणीच नव्हतं. मी उठलो. चिमटा माझ्या पट्ट्यालाच चिकटलेला राहिला असता, त्याने हात पुढे करून तो काढून घेतला.

२० फेब्रुवारी

उद्घाटन. शंभरेक माणसं. अधिकाऱ्याने माझी ओळख 'होकायंत्रांचे डॉक्टर' अशी करून दिली.

मी ठरवल्याप्रमाणे सगळं सांगितलं. म्हातारी, चौकशी, चार अंश, पट्टा. लोक हादरतील असं वाटलं होतं. अंतर्गळ म्हटल्यावर पुढच्या रांगेत खसखस पिकली. पट्टा चुंबकांच्या खणात ठेवायचो, या वाक्याला हशा झाला. एकदाच मोजलं, हे सांगितलं तेव्हा तर टाळ्या पडल्या. अधिकारी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काका, काय खुमासदार सांगता! दर महिन्याला एक भाषण ठेवू." एका गृहस्थाने पट्टा पाहायला मागितला.

पुष्पगुच्छ मिळाला. त्याच्या देठांना तार गुंडाळलेली होती. मी तो तबकात ठेवला.

एकटी ही हसली नाही. परत येताना माझा हात धरून चालत होती. रस्ता सपाट होता.

धाकटा आला नव्हता.

२४ फेब्रुवारी

होडीघरात आज कुणी नव्हतं. मी एकटाच काचा पुसत होतो. दारात आवाज झाला म्हणून वळून पाहिलं तर धाकटा. खिशातले स्क्रू ड्रायव्हर, सुया, बॉबिन सगळं न सांगता तबकात काढून ठेवत होता. ते काढायला त्याला बराच वेळ लागला.

"बाजूला हो," म्हणाला.

मी भिंतीपर्यंत मागे गेलो. तो खांबाशी उभा राहिला, पोट न टेकवता, दोन बोटं कडेला ठेवून. खरंच हलका हात आहे. एकदा वाचलं, पट्टी फिरवून नेम मोडला, पुन्हा धरला. तीनदा.

"दोनशे अठरा. यंत्र चांगलं आहे."

"म्हणजे तुझा तक्ता बरोबर होता," मी म्हणालो. "मी भिंतीवर तसं लिहिणार आहे. जहाज कप्तानाच्या चुकीने—"

"ते कशावरून?" तो माझ्याकडे वळला. "यंत्र सरळ आहे एवढंच यावरून कळतं. तक्ता जहाजासाठी होता आणि जहाज मोडीत गेलं. मी त्यावर चुकलो असेन, नसेन. कप्तान चुकला असेल. आता कुणालाच सांगता येणार नाही. तू बरोबर मोजलं असतंस तर कळलं असतं."

मी विचारलं, मग लिहू काय?

"जहाज का चढलं ते कळलेलं नाही, असं लिही."

असा मजकूर मी जन्मात लिहिलेला नाही. संग्रहालयात येणाऱ्या माणसाला काहीतरी ठाम हवं असतं. पण त्याच्यासमोर वाद घालवेना. कागद काढला, लिहिलं. त्याने वाचलं, एक काना मी विसरलो होतो तो दिला.

तबकातून एक-एक वस्तू उचलून खिशात घालत त्याने विचारलं, "ऑपरेशन करणार आहेस की नाही?"

"पुढच्या सोमवारी आहे."

"किती वाजता?"

"सकाळी सातला."

"हं," म्हणाला आणि गेला. चहा घे म्हणायचं राहून गेलं.

२ मार्च

उद्या सात वाजता. पिशवी भरून झाली. पट्टा न्यायचा नाही, असं डॉक्टरने बजावलंय. मी हिला म्हटलं, तो संग्रहालयाला देऊन टाकू. ही म्हणाली, काही नको, मेलं प्रदर्शन.

धाकट्याने वेळ का विचारली असेल, यावर आठवडाभर विचार केला. आज उलगडा झाला. मी होडीघरात नक्की नसेन अशी वेळ त्याला हवी होती. मी समोर असताना त्याला अवघडल्यासारखं होतं, हे मी त्या दिवशी पाहिलंच. सावकाश, एकट्याने सगळं यंत्र पुन्हा तपासायचं असणार त्याला. तपासू दे, त्याचा हक्कच आहे. दुपारी बाईंकडे जाऊन आलो. सांगून ठेवलं की उद्या सकाळी सातला माझा भाऊ येईल, कुलूप उघडून द्या आणि त्याच्या कामात मध्ये मध्ये करू नका. बाईंनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. "काका, ते सातला इथे येतील असं मला नाही वाटत," म्हणाल्या. म्हटलं, मी त्याला जन्मापासून ओळखतो.

घरी येऊन हिला सांगितलं तर ही स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने पाहिलं तर उद्या दवाखान्यात न्यायच्या थर्मासशेजारी दोन कप काढून ठेवले होते. म्हटलं, मला तर उपाशी राहायचंय, दुसरा कुणासाठी?

"असू दे," ही म्हणाली. "तुम्ही झोपा आता."